वाचक विचारतात : आई-बाबांना घेऊन आरव्हीने ग्रँड जंक्शन

प्रश्न : काका नमस्कार, आम्ही डेन्व्हरला असतो. ऑगस्टमध्ये माझे आई-बाबा सांगलीहून येतायत, दोघंही सत्तरीचे, बाबांना बीपी आहे. मुलं दोन, दहा आणि सहा वर्षांची. आरव्ही, म्हणजे आत राहायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन ग्रँड जंक्शनला पाच रात्री जायचं ठरतंय. नवऱ्याचा प्लॅन असा की दोन रात्री नदीकाठी, दोन ग्रँड मेसा डोंगरावर आणि एक रात्र कोलोरॅडो नॅशनल मॉन्युमेंटच्या (स्मारक नाही, राखीव निसर्गप्रदेश) आतल्या कॅम्पग्राउंडमध्ये. मला ही हलवाहलव जास्त वाटते. तो म्हणतो मग आरव्ही घ्यायचीच कशाला? तुम्ही सांगा कोण बरोबर.

उत्तर : तू बरोबर, जावईबापूंनी राग मानू नये. त्यांच्या डोक्यात आरव्ही म्हणजे गाडी आहे, पण आई-बाबा सोबत असले की आरव्ही म्हणजे घर, आणि घर रोज हलवत नाहीत. प्रत्येक वेळी हलायचं म्हणजे पाण्याचा पाइप काढा, वीज काढा, सांडपाण्याचा होज धुवा, कपाटं लॉक करा, बाबांच्या गोळ्यांचा डबा कुठे गेला ते शोधा, यात सकाळचे दीड-दोन तास सहज जातात. माझं मत स्पष्ट आहे, पाचही रात्री खाली खोऱ्यातच एका जागी मुक्काम करा आणि तुमची स्वतःची कार मागून घेऊन या. दोघं चालवणारे आहात ना, मग एकाने आरव्ही, एकाने कार. डोंगर कारने बघा, झोपायला खाली या.

आता कारण ऐक. ग्रँड जंक्शन साधारण 4,600 फुटांवर आहे, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षा जरासं उंचच, पण हवा महाबळेश्वरची समजून स्वेटर भरशील तर फसशील, ऑगस्टमध्ये दुपारी जळगावची आठवण येते, फक्त घाम जाणवत नाही कारण हवा एकदम कोरडी. त्यामुळे एसी हवाच, आणि एसी म्हणजे हुकअप, म्हणजे जागेवर वीज. मॉन्युमेंटमधलं सॅडलहॉर्न कॅम्पग्राउंड दिसायला स्वर्ग आहे पण तिथे हुकअप नाही. मी हे पुस्तकात वाचून सांगत नाहीये, आम्ही एका जुलैत सासूबाईंना घेऊन असंच एका बिनहुकअपच्या जागी उतरलो, जनरेटर आहे की म्हटलं, आणि संध्याकाळी कळलं की रात्री जनरेटर लावायलाच बंदी. खिडक्या उघडल्या तर वारा नाही, सासूबाई रात्री अकरा वाजता ओला पंचा डोक्यावर घेऊन बाहेर खुर्चीत बसलेल्या, काही बोलल्या नाहीत पण तो पंचा मी अजून विसरलो नाहीये.

ग्रँड मेसाचं उलटं. तो जगातल्या सगळ्यात मोठ्या सपाट माथ्याच्या डोंगरांपैकी एक, वर दहा हजार फुटांच्या पुढे, म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट. वर तळीच तळी, गारवा, सुंदर आहे, पण सांगलीहून आलेल्या बीपीवाल्या माणसाला तिथे रात्री झोपवायचं म्हणजे नीट झोप न लागणं, डोकं दुखणं, धाप लागणं, हे सगळं होऊ शकतं. निघण्याआधी डॉक्टरांना उंचीबद्दल विचारून घ्या, ते हो म्हणाले तर दिवसा कारने जा, तळ्याकाठी डबा खा, चारला उतरायला लागा.

राहायला कुठे? जेम्स एम. रॉब कोलोरॅडो रिव्हर स्टेट पार्क नावाचं एक स्टेट पार्क आहे, ते एकसंध नाही, नदीकाठाने तुकड्या-तुकड्यात पसरलंय. आरव्हीसाठी त्यातले दोन तुकडे कामाचे, पश्चिमेला फ्रूटा आणि पूर्वेला आयलंड एकर्स, दोन्हीकडे हुकअपच्या जागा आहेत. फ्रूटाहून मॉन्युमेंटचं पश्चिमेचं गेट अगदी जवळ. आयलंड एकर्सहून पॅलिसेडच्या पीचच्या बागा आणि ग्रँड मेसाचा 65 नंबरचा रस्ता जवळ. तुमच्यासाठी मी फ्रूटा म्हणेन, गाव पायी जाण्याइतकं जवळ आहे, मुलांना डायनोसॉरचं म्युझियम आहे आणि बाबांना सकाळी फिरायला सपाट वाट आहे. आवाजाचं मात्र आधीच सांगून ठेवतो, दोन्ही जागा आय-70 हायवेला लागून आहेत, शिवाय याच खोऱ्यातून रेल्वे जाते आणि मालगाडीचा भोंगा रात्री दोनला वाजला तरी कोणी माफी मागत नाही. कानात कापूस घेऊन जा. कोलोरॅडोच्या स्टेट पार्कचं बुकिंग सहा महिने आधी उघडतं, ऑगस्टसाठी तू आत्ता जागी झालीस तर शनिवार-रविवार विसर, रविवार ते शुक्रवार अशा पाच रात्री शोध.

नदीबद्दल एकच, कोलोरॅडो वरून शांत दिसते पण ओढ जबरदस्त आहे, मुलांना काठावर मोकळं सोडायचं नाही.

रस्त्याचं बोलू. डेन्व्हरहून साधारण 245 मैल, कारने चार तास म्हणतात, आरव्हीने सहा धरा. आयझेनहॉवर बोगदा 11,000 फुटांच्या वर आहे आणि बोगद्यातून बाहेर पडलं की सिल्व्हरथॉर्नपर्यंत लांब उतार, पुढे व्हेल पासनंतर पुन्हा तसाच. नवऱ्याला आपल्या घाटातला नियम सांग, ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही. ऑटोमॅटिक गाडीतही लो गिअर किंवा टो-हॉल बटण असतं ते आधी शोधून ठेवा. करपल्यासारखा वास यायला लागला तर तो कोणाच्या डब्यातला नसतो, ब्रेकचा असतो, बाजूला घेऊन थंड होऊ द्या.

त्यानंतर ग्लेनवुड कॅन्यन, म्हणजे खोल अरुंद दरी. 2020 च्या वणव्यानंतर तिथल्या डोंगरउतारावर माती धरून ठेवणारं फारसं काही उरलं नाही, 2021 च्या जुलैअखेर इतका चिखल आणि दगड आले की आय-70 तिथे दोन आठवडे बंद होता. ऑगस्टमध्ये दुपारी गडगडाटी पाऊस येतो, म्हणून सकाळी लवकर निघून दुपारच्या आत कॅन्यन पार करायचा. आणि समजा बंद निघाला तर फोनवरचा नकाशा अ‍ॅस्पेनमार्गे इंडिपेंडन्स पासवर पाठवू शकतो, तिथे जायचं नाही म्हणजे नाही. 35 फुटांहून लांब गाडीला तिथे बंदीच आहे, तुमची 25 फुटी असली तरी काही ठिकाणी रस्ता जेमतेम एका गाडीचा आणि कडेला कठडा नाही. त्यापेक्षा वाटेत एक रात्र थांबा.

गाडी चालू असताना आईंनी मागे उभं राहून चहा टाकायचा नाही, हे सुद्धा आधी बोलून ठेव. सगळेच करतात तसं. पट्टा लावून बसायचं, चहा पार्किंगमध्ये.

मॉन्युमेंट कारनेच बघा, रिम रॉक ड्राइव्ह 23 मैलांचा आहे, वळणं आणि बोगदे, वाटेत थांबायला जागा भरपूर त्यामुळे बाबांना चालावं लागणार नाही. तिथे जॉन ऑटो नावाच्या एका वेड्या माणसाची गोष्ट मुलांना सांग, त्याने एकट्याने पायवाटा खोदल्या, सरकारच्या मागे लागून 1911 मध्ये ही जागा राखीव करून घेतली आणि मग महिना एक डॉलर पगारावर तिची राखण केली.

प्रश्न : आईला बाहेरचं चालत नाही, त्यामुळे दोन्ही वेळचा स्वयंपाक आरव्हीतच होणार. मिक्सर ती भारतातून आणतेय. काही अडचण?

उत्तर : मिक्सर सांगलीतच राहू दे. तो 220 व्होल्टचा, इथे 120, नुसता घरघरेल. चटण्या घरून करून न्या.

खरी अडचण फोडणीची. आरव्हीतला स्मोक डिटेक्टर गॅसपासून दोन पावलांवर असतो, मोहरी तडतडली आणि मिरची टाकली की तो बोंब मारतो, आमच्याकडे सहा वर्षांचा पुतण्या रडत बाहेर पळाला होता. बॅटरी काढून ठेवायचा मोह होईल, अजिबात करू नका, आत प्रोपेन आहे. छोटी शेगडी घेऊन फोडणी बाहेर टेबलवर द्या, वारा बघून. वाऱ्यावरून आठवलं, कॅम्प सोडून जाताना ऑनिंग, म्हणजे गाडीच्या बाजूचं कापडी छत, गुंडाळायचं, संध्याकाळचा वारा एका झटक्यात दांडा वाकवतो आणि त्याचे पैसे डिपॉझिटमधून जातात.

कुकर मात्र न्याच. दहा हजार फुटांवर पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळतं, खाली 95-96 ला, उघड्या भांड्यात तूरडाळ शिजेपर्यंत मुलं झोपतील. आणि 30 अँपच्या जागेवर एसी, मायक्रोवेव्ह आणि इन्स्टंट पॉट एकदम लावले की ब्रेकर पडणार. एसी दहा मिनिटं बंद, मग मायक्रोवेव्ह.

प्रश्न : टॉयलेटची टाकी कोणी रिकामी करायची यावर आमच्यात भांडण आहे.

उत्तर : ज्याने दोन-दोन रात्रींचा प्लॅन केला त्याने. हातमोजे घालायचे, आधी ब्लॅक टँक (टॉयलेटची) सोडायची आणि नंतर ग्रे (सिंक-शॉवरच्या पाण्याची), म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो. हुकअप आहे म्हणून ब्लॅकची चावी कायम उघडी ठेवायची नाही, पाणी निघून जातं आणि बाकीचं आत वाळतं. बरीच भरली की मगच सोडा. कांद्याची सालं, तांदूळ, तेल सिंकमध्ये नको.

प्रश्न : (मोठ्या मुलाचा) नदीचं नाव कोलोरॅडो आहे तर गावाचं नाव ग्रँड कशाला?

उत्तर : शाब्बास. वरच्या भागात या नदीचं नाव आधी ग्रँड रिव्हर होतं, तिला गनिसन नदी येऊन मिळते तो संगम, म्हणजे जंक्शन, म्हणून ग्रँड जंक्शन. 1921 मध्ये नदीचं नाव बदलून कोलोरॅडो केलं, गावाने आपलं बदललं नाही. आजोबांना विचार, कृष्णेला वारणा कुठे मिळते, सांगलीकरांना ते माहीत असतं.