गंधार त्याचा राहू दे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या खलाशाच्या फिल्मच्या संगीताच्या दोन्ही फाइल्स ऐकल्या. रविवारी रात्री फोनवर तू रडवेली झालीस तेव्हा मी फारसं बोललो नाही, कारण कानाने ऐकल्याशिवाय मी मत देत नाही. आता देतो. पहिल्या फाइलमध्ये त्या ऊदवाल्याने (ऊद म्हणजे ते अरबी तंतुवाद्य) वाजवलं तसं आहे. दुसरीत तुझ्या रेकॉर्डिस्टने त्याचा सूर ‘सरळ’ केलाय. ती दुसरी फाइल आजच्या आज काढून टाक.

तो माणूस बेसुरा नाही. त्याने रास्त वाजवलाय, तिकडचा एक मकाम, आपल्या रागासारखा. तुझी पट्टी पांढरी एक, म्हणजे पेटीची पहिली पांढरी पट्टी हा तुझा षड्ज, म्हणून त्याचा गंधार काळी दोन आणि पांढरी तीन यांच्या साधारण मधोमध येणार. पियानोवर शेजारच्या दोन पट्ट्यांत १०० सेंटचं अंतर, म्हणजे षड्जापासून कोमल गंधार ३०० सेंटवर, शुद्ध ४०० वर. रास्तचा ३५० च्या आसपास. आसपासच, कारण तुर्कस्तानात तो थोडा चढा लावतात, कैरोत थोडा उतरता. निषादाचंही तसंच. सूर सरळ करणाऱ्या मशीनला बाराच घरं माहीत. मध्ये उभा असलेला सूर दिसला की ते त्याला ओढून शेजारच्या घरात बसवतं.

पहिली फाइल पुन्हा लाव. तो पंचमावरून खाली येतो, मध्यमाला नुसता स्पर्श करतो आणि गंधारावर थांबतो. तीन आघात आहेत तिथे. पहिला जरा वर, दुसरा किंचित खाली, तिसऱ्याला बोट तारेवर सैल होत जातं आणि आवाज विरतो. खलाशी मस्कतहून कच्छच्या मांडवीला परततो आणि दारात आई दिसत नाही, तो प्रसंग त्या तीन आघातांत आहे. दुसऱ्या फाइलमध्ये तिन्ही आघात एका रेषेत. खलाशी गेला, आई गेली, उरला फक्त शुद्ध गंधार.

गंधार त्याचा राहू दे. बाकी सगळं मी याच एका वाक्याभोवती सांगणार आहे, कंटाळू नकोस.

तू बडोद्यात सूरसागर तलावाच्या काठी शिकलीस. सयाजीरावांच्या काळात १८८६ साली मौलाबक्षांच्या हाताखाली सुरू झालेली ती गायनशाळा. सूर कागदावर उतरवायची पद्धत मौलाबक्षांनी तेव्हाच बसवली होती. पण दरबारीचा गंधार कागदावर नुसता कोमल दिसतो. तो झुलतो कसा, हे कळायला समोर बसावं लागतं. हे तुला मी सांगायला नको. दरबारीच्या गंधारासाठी तू वर्ष घालवलंस, मग दुसऱ्याच्या गंधारासाठी रेकॉर्डिंगची एक शिफ्ट घालवायला का घाबरतेस?

हे विचारायचा अधिकार मला आहे का? नाही. म्हणूनच लिहितोय.

१९९६ ची गोष्ट. मुंबईत एका टेलिफिल्मची अ‍ॅरेंजिंग माझ्याकडे होती. आखाती देशातून आलेला एक वयस्कर ऊदवादक, आठ व्हायोलिनं, दोन चेलो. मी व्हायोलिनांना सरळ मेजर कॉर्ड (सा-ग-प एकत्र) लिहून दिली होती, पांढरी तीनसकट. त्याचा गंधार त्यावर घासायला लागला. मी टेक तोडला आणि म्हटलं, “गंधार उतरतोय.” पुन्हा टेक, पुन्हा तोडला. असं तीनदा. चौथ्या वेळी त्याने माझ्याकडे पाहिलं, बोट नखभर वर सरकवलं आणि मला हवा होता तो सूर दिला. सगळे खूश. शिफ्ट वेळेत संपली. नंतर पॅसेजमध्ये ऊद पेटीत ठेवण्याआधी त्याने तीच ओळ एकदा वाजवली, स्वतःच्या गंधाराने. कोणासाठी नाही. टेपरेकॉर्डर माझ्या पिशवीत होता. मी तो बाहेर काढला नाही.

तेव्हा शिफ्ट चार तासांची असे, निर्मात्याचा माणूस काचेपलीकडून घड्याळ दाखवत असे, आणि ते काम गेलं असतं तर पुढचं मिळालं नसतं. घरचं सगळं माझ्यावर होतं. हे खोटं नाही. पण कॉर्डमधला एक सूर खोडायला किती वेळ लागला असता? अर्धा मिनिट. मी दांडिया बाजारात गुरुजींसमोर नऊ वर्षं बसलेला माणूस, मला ते सुचायला हवं होतं.

म्हणून आता नीट ऐक. रास्तमध्ये अडचण दोनच सुरांची, गंधार आणि निषाद. तुझ्या व्हायोला-चेलोच्या कागदावरून ते दोन्ही काढ. उरलं काय? सा रे म प ध. आपला दुर्गा! तेवढ्यात वाटेल तितकी पाश्चात्त्य हार्मनी रचता येते. चौथा, पाचवा सूर धरून ठेव, रिषभ वरून टेकू दे, धैवत येऊन पंचमावर विसावू दे. कॉर्डमध्ये तिसरा सूर नसेल तर पोकळी राहते म्हणतेस ना? राहू दे. त्या पोकळीतच ऊद बसणार आहे. गंधार त्याचा.

सिंथेसायझरच्या पॅडवर, म्हणजे मागे लांब धरलेल्या सुरांत, तो सूर हवाच असेल तर त्या सुराला वेगळा चॅनल दे, नाहीतर सगळेच सूर खाली घसरतील. सूर वर-खाली सरकवणाऱ्या बेंडची रेंज दोन सेमिटोन (दोन पट्ट्या) असेल तर मधला आकडा ८१९२, पाव स्वर खाली ६१४४. पण आकडा लावून मोकळी होऊ नकोस; त्याच्या ट्रॅकवर कान ठेवून हलव. आणि व्हायोलिनला पडदे नसतात. अरबांनी तर ते वाद्य केव्हाच आपलंसं केलंय. तुझ्या वादकांना तो सूर कागदावरून देऊ नकोस, ऊदवाल्यासमोर बसव.

दिग्दर्शक म्हणाला, वाळवंटाचा फील हवा, हिजाज घ्या. सगळे हिजाज या मकामाकडे का धावतात, सांगू? तो पियानोच्या बारा घरांत जेमतेम मावतो. आपल्या भैरवाच्या पूर्वांगासारखा, म्हणजे सा, कोमल रे, ग, म. खरं तर तिथेही वादक रिषभ जरा चढवतात आणि गंधार जरा उतरवतात, पण कीबोर्डवर खपून जातो. तुझ्या खलाशाचा वाळवंटाशी संबंध काय? तो समुद्रावरचा माणूस.

१९३२ मध्ये कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती. बार्टोक, हिंडेमिथ हे युरोपचे संगीतकार हजर होते. पियानो आत घ्यायचा की नाही यावर तिथे वाद झाला. गंमत म्हणजे युरोपातून आलेले पाहुणे नको म्हणत होते आणि इजिप्तच्या बऱ्याच लोकांना हवा होता. आपल्याकडे आकाशवाणीने १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, बाहेर ठेवलं. दोन्हीकडे प्रश्न आत की बाहेर एवढाच. मला तो कधीच पटला नाही. पेटी येऊ दे, पियानो येऊ दे, कुठल्या सुरावर गप्प बसायचं तेवढं त्याला सांग.

दिग्दर्शकाला काय सांगू, हे विचारू नकोस. सांगू नकोसच. जुना आणि नवा असे दोन्ही मिक्स चित्रासकट दाखव, आईच्या दारापाशी. आणि रेकॉर्डिस्टवर चिडू नकोस. त्याला जे शिकवलं ते त्याने केलं. मीही तेच केलं होतं.

शुक्रवारी शिफ्ट आहे ना? त्याआधी व्हायोला-चेलोच्या कागदावर जिथे जिथे पांढरी तीन आणि पांढरी सात आहे तिथे लाल पेन्सिलीने गोल कर आणि फोटो पाठव. गुरुवारी रात्री अकरापर्यंत मी जागा आहे.

तुझा,
काका