‘हेल्वेशिया’ नावाचा देश नसतो, तरीही
देशाच्या अधिकृत नावावरून त्या राष्ट्राची ओळख कळते का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते ओळख क्वचितच कळते. त्या देशाने कोणते भांडण मिटवले किंवा झाकले, हे मात्र बहुधा कळते.

नववीत असताना मी आंतरशालेय टपाल तिकीट प्रदर्शनात माझी वही मांडली होती. तीत स्वित्झर्लंडच्या पानावर अकरा तिकिटे होती आणि प्रत्येकावर देशाचे नाव म्हणून ‘हेल्वेशिया’ एवढेच छापलेले होते. परीक्षक त्या पानाशी थांबले आणि म्हणाले, “हा देश आता अस्तित्वात नाही, ही तिकिटे येथे कशी?” मी सांगू लागलो, तोच “उलट बोलू नकोस” असे म्हणून त्यांनी शेजारची वही उघडली. पहिला क्रमांक फुलपाखरांच्या तिकिटांना मिळाला. ती सुंदर होती, हे मान्य केले पाहिजे.

तेव्हा अपुरे राहिलेले उत्तर असे होते. जर्मन, फ्रेंच आणि इटालियन या तिन्ही भाषांत त्या देशाचे नाव वेगवेगळे. तिन्ही छापायला तिकिटावर जागा नाही आणि एकच छापावे तर उरलेल्या दोघी रुसणार. म्हणून १८६२ पासून तेथील तिकिटांवर कोणाचीच मातृभाषा नसलेली लॅटिन आली आणि सीझरच्या काळातील हेल्वेती जमातीचे नाव कामास आले. १९३८ मध्ये रोमान्श ही चौथी राष्ट्रभाषा झाली, तरी तिकिटावरचे अक्षरही बदलावे लागले नाही. त्याहून मौजेची गोष्ट अशी की, १८४७ च्या यादवीनंतर आलेल्या १८४८ च्या राज्यघटनेने तो देश संघराज्य, म्हणजे एका केंद्र सरकारखालचे राष्ट्र, झाला, पण अधिकृत फ्रेंच आणि लॅटिन नावांत आजही तो ‘राज्यसंघ’, म्हणजे स्वतंत्र राज्यांची सैल युतीच आहे. यादवीत हरलेल्या कँटनांना, म्हणजे तेथील घटक राज्यांना, जुन्या नावाचा थोडा आधार वाटला असावा, असा माझा तर्क आहे.

त्याच वहीत पूर्व जर्मनीचीही तिकिटे होती. अधिकृत नाव ‘जर्मन लोकशाही प्रजासत्ताक’. तेथे पहिली मुक्त निवडणूक मार्च १९९० मध्ये झाली आणि ऑक्टोबरमध्ये तो देशच उरला नाही. ज्याला नावातच लोकशाही लिहावी लागते, त्याच्याविषयी मला तेव्हापासून शंका येते. मॅसिडोनियाला तर ग्रीसच्या हरकतीमुळे १९९३ मध्ये संयुक्त राष्ट्रांत ‘पूर्वीचे युगोस्लाव्ह प्रजासत्ताक’ या बिरुदासह प्रवेश घ्यावा लागला आणि ‘उत्तर मॅसिडोनिया’ होईपर्यंत, म्हणजे २०१९ पर्यंत, ते तेथे निघाले नाही.

अर्थात, माझे विधान सर्वांना लागू होत नाही. पश्चिम आफ्रिकेतील अप्पर व्होल्टा या देशाने १९८४ मध्ये मोरे आणि द्यूला या दोन स्थानिक भाषांतील शब्द जोडून ‘बुर्किना फासो’ हे नाव घेतले, त्यात सरळ स्वाभिमान आहे.

आपला प्रश्न शाळेच्या प्रकल्पासाठी असेल, तर तिकिटांपासून सुरुवात करावी आणि परीक्षकांनी मध्येच थांबवले तरी वाक्य पूर्ण करावे. माझ्या त्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेले ‘वजा ५’ अजून तसेच आहे.