पेरॉक्साइड मूल्य कमी, तरी तेल खवट कसे?

प्रश्न : मी लातूरच्या एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. आमचे विद्यार्थी दरवर्षी करडई आणि सोयाबीन तेलाचे पेरॉक्साइड मूल्य (तेल हवेने बिघडताना प्रथम बनणाऱ्या पेरॉक्साइडांचे प्रमाण) काढतात. यंदा माशाच्या तेलाच्या कॅप्सूल घेतल्या. मूल्य अवघे २ आले, पण तेलाला खवट वास होता. शिवाय वेष्टणावर १००० मिलिग्रॅम तेलात १८० मिलिग्रॅम ईपीए (माशाच्या तेलातील एक ओमेगा-३ मेदाम्ल) लिहिलेले असताना बाहेरच्या प्रयोगशाळेने गॅस क्रोमॅटोग्राफीने (घटक वेगळे करून मोजण्याच्या पद्धतीने) १९ टक्के दिले. खरे काय मानावे?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या विद्यार्थ्यांचे अनुमापन (टायट्रेशन) बरोबर असू शकते आणि तेल खवटही असू शकते. करडईतील लिनोलिक आम्लात दोन दुहेरी बंध असतात, ईपीएमध्ये पाच, तर डीएचए या माशाच्या तेलातील दुसऱ्या ओमेगा-३ मेदाम्लात सहा. त्यामुळे माशाचे तेल हवेतील ऑक्सिजन फार लवकर घेते. आधी पेरॉक्साइडे तयार होतात, पण ती टिकत नाहीत. त्यांचे विघटन होऊन अल्डिहाइडे बनतात आणि खवट वास मुख्यतः त्यांच्यासारख्या विघटनजन्य पदार्थांचा असतो. म्हणून जुन्या तेलात पेरॉक्साइड मूल्य चढून पुन्हा उतरलेले असते, आणि केवळ त्याच आकड्यावर तेलाला ताजे म्हणणे मला धोक्याचे वाटते.

त्याच्या जोडीला अ‍ॅनिसिडीन मूल्य काढावे. पॅरा-अ‍ॅनिसिडीनची अल्डिहाइडांशी अभिक्रिया घडवून ३५० नॅनोमीटरवर शोषण मोजायचे असते, त्यामुळे स्पेक्ट्रोफोटोमीटर असलेल्या महाविद्यालयात हे सहज जमते. पेरॉक्साइड मूल्याची दुप्पट अधिक अ‍ॅनिसिडीन मूल्य म्हणजे टोटॉक्स. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेच्या २०१७ च्या मत्स्यतेल मानकात यांच्या कमाल मर्यादा अनुक्रमे ५, २० आणि २६ अशा आहेत. आपल्या नमुन्याचे अ‍ॅनिसिडीन मूल्य समजा ३० आले, तर टोटॉक्स ३४ होईल, म्हणजे मर्यादेबाहेर. मात्र लिंबाचा स्वाद घातलेल्या कॅप्सूल टाळाव्यात, कारण त्या स्वादातील सिट्राल स्वतःच अल्डिहाइड आहे आणि आकडा उगाच फुगतो. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात कापलेली कॅप्सूल टेबलावर ठेवून जेवायला जाऊ नये. तेल काढताच वजन करावे आणि लगेच अनुमापन करावे, सोबत कोरी (तेल न घालता केलेली) चाचणीही घ्यावी.

ईपीएच्या दोन आकड्यांत विरोध असेलच असे नाही. तेलातील मेदाम्लांचे मिथाइल एस्टर करून ते यंत्रात सोडतात आणि बहुतेक अहवाल केवळ यंत्राच्या आलेखातील शिखरांच्या (एकेका मेदाम्लाच्या उंचवट्यांच्या) क्षेत्रफळाचे टक्के देतात, म्हणजे सगळी मेदाम्ले मिळून १०० धरलेली असतात. ट्रायग्लिसराइड तेलात मेदाम्लांचा वाटा वजनाने सुमारे ९५ टक्के असतो, उरलेला भाग ग्लिसरॉलचा. तेव्हा १९ टक्क्यांचे ग्रॅममागे सुमारे १८० मिलिग्रॅमच होतात. तरीही हा अंदाजच होय. मिलिग्रॅम हवे असतील, तर तेवीस कार्बनच्या मेदाम्लाचा मिथाइल एस्टर तुलनेसाठी नेमक्या वजनाने आधीच मिसळून केलेली चाचणी मागून घ्यावी.

पुढच्या वेळी त्या प्रयोगशाळेला जवसाचे तेलही नाव न सांगता पाठवावे. त्यात अठरा कार्बनचे ओमेगा-३ भरपूर असते, ईपीए नसते. तरी अहवालात ईपीए दिसले, तर शिखर ओळखण्यात चूक झाली असण्याची शंका घ्यावी.