चार मोठे, मग पाव लहान कसा?

"मॅडम, पाढे तोंडपाठ आहेत, पण अपूर्णांक आले की गाडी अडते. गणितात कच्ची राहील का हो?" तिसरी-चौथीतल्या मुलांचे पालक आले की हा प्रश्न ठरलेला. म्हणून आज एका आठ वर्षांच्या मुलीबद्दल लिहिते. भेटी पाच-सहा झाल्या, त्यातलं मोजकंच सांगते.

पहिल्या दिवशी मी कागदावर १/३ आणि १/४ लिहिलं. "मोठं कोणतं?"

"एक चतुर्थांश. चार तीनपेक्षा मोठे ना!"

आईने कपाळाला हात लावला. मला मात्र ते उत्तर आवडलं. मोठा आकडा म्हणजे जास्त, हा नियम ती बालवाडीपासून शिकत आली होती आणि तोच तिने प्रामाणिकपणे वापरला. अशा मुलीला कच्ची कसं म्हणायचं?

"स्वयंपाकघरातही शिकवून पाहिलं," आई म्हणाली. "पीठ मोजताना मी तिला विचारते, अर्ध्यात पाव किती वेळा बसतो? आता ती ओट्याजवळ फिरकतच नाही."

दुखणं इथे होतं. "पंधरा दिवस एकही प्रश्न विचारायचा नाही," मी सांगितलं. "'पाऊण कप पाणी दे गं', एवढंच म्हणायचं. चुकलं तर ती पुन्हा ओतेल."

तिसऱ्या भेटीत मी मापाचे कप आणि पातेलंभर पाणी तिच्यापुढे ठेवलं. एक तृतीयांशाच्या मापाने तिने मोठा कप तीनदा ओतून भरला. मग पाव कपाचं माप घेतलं. तीनदा ओतलं आणि थांबली. कप भरला नव्हता. वाकून तिने पाण्याच्या पातळीला डोळा लावला, चौथं माप अगदी हळू ओतलं. मग दोन्ही मापं हातात घेतली, एकात दुसरं घालून पाहिलं. "याला जास्त वेळा ओतावं लागतं... कारण हेच लहान आहे." आणि कागद ओढून १/४ मधल्या चारवर ओलं बोट टेकवलं. "हे चार म्हणजे किती वेळा!"

आई काही बोलणार होती, मी हाताने थांबवलं. अशा क्षणी आपलं 'शाब्बास'सुद्धा मध्ये येतं, हे मी इतक्या वर्षांत शिकले आहे. छेद म्हणजे काय, हे तिने माझ्यापेक्षा सोपं करून सांगितलं होतं.

जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांडलेला क्रम मला आजही पटतो: आधी हात, मग चित्र, शेवटी चिन्ह. वहीत आपण नेमकी चिन्हापासून सुरुवात करतो.

घरी सुरुवात पाण्यानेच करा, सांडलं तरी कुणी रागावत नाही. फळ कापताना "मोठा अर्धा मला" असं ऐकू आलं तर तिथेच थांबा, कारण अर्धे सारखेच असतात. लहान पेल्यातला अर्धा आणि मोठ्या पेल्यातला अर्धा शेजारी ठेवून दाखवा, अर्धा कशाचा हे कळायलाच हवं. पाव, पाऊण, सव्वा, दीड हे शब्द मुलाच्या कानावर आधीच असतात, तेच आधी वापरा. तृतीयांशाला तसा घरगुती शब्द नाही, तो मागाहून आला तरी चालेल.

शेवटच्या भेटीत आईने सांगितलं, "काल अर्धा कप पाणी मागितलं. अर्ध्याचं माप घासायला पडलं होतं. तिने पावाचं दोनदा ओतलं नि खेळायला गेली. मी काहीच विचारलं नाही हं!"