रेड वाईनची चव जमिनीतून येते की द्राक्षाच्या जातीतून? आणि कोकणात अशी द्राक्षं लावता येतील का?

येते दोन्हींतून. कशी, ते मला आधी देवगडच्या आमच्या हापूसच्या बागेत कळलं, वाईनबद्दल वाचलं नंतर.

आमची अर्धी कलमं कातळावर आहेत, सुरुंग लावून खड्डे मारले आणि माती वाहून आणून भरली. उरलेली खाली व्हाळाच्या (ओढ्याच्या) कडेला. काड्या एकाच झाडाच्या. तरी व्हाळाकडचा आंबा मोठा आणि पाणचट, कातळावरचा लहान, पण पिकला की वास घरभर. खडकाची चव काही मुळांतून फळात चढत नाही. झाडाला पाणी किती आणि कधी मिळतं, ते जमीन ठरवते.

फ्रान्समध्ये बोर्दो या वाईनच्या प्रदेशात हेच चालतं. डाव्या तीरावरच्या मेदोकमध्ये नदीने आणून टाकलेल्या गोट्यांचे जाड थर आहेत. पावसाचं पाणी त्यातून निथळून जातं, वेल फोफावत नाही आणि उन्हाने तापलेले गोटे वेलीला ऊब देतात. तिथलं काबर्ने सोव्हिन्यों हे काळं द्राक्ष उशिरा पिकणारं, त्याला ही ऊब हवीच. त्याचे मणी बारीक, साल जाड. लाल वाईनचा रंग सालीतून येतो (बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढराच असतो), तुरटपणा साल आणि बियांतून. म्हणून ही वाईन कोवळी असताना काजूच्या बोंडासारखी तोंड आवळते आणि वर्षानुवर्षं टिकते.

उजव्या तीरावर पोमेरोलला चिकणमाती, थंड आणि ओल धरणारी. तिथे काबर्ने नीट पिकणं अवघड, म्हणून लवकर पिकणारं, मऊ चवीचं मर्लो हे द्राक्ष. पेट्रूस या वाईनची प्रसिद्ध बाग अशाच निळसर चिकणमातीवर आहे.

बोर्दोत जमीन आणि जात दोन्ही बदलतात, त्यामुळे कुणाचा वाटा किती ते सांगणं कठीण. फ्रान्सच्याच बर्गंडी प्रदेशात मात्र लाल वाईनला जवळजवळ सगळीकडे पिनो न्वार हीच जात. तिथे चुनखडीच्या उताराच्या मधल्या पट्ट्यातली वाईन आणि पायथ्याच्या खोल मातीतली वाईन यांत दर्जाचा मोठा फरक पडतो. जमिनीच्या बाजूने मला याहून चांगला पुरावा माहीत नाही.

कोकणात लावू नका. आमचा कातळ निचऱ्याचा असला तरी वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि वर दमट हवा, म्हणजे केवडा आणि भुरी हे द्राक्षाचे रोग ठरलेले. नाशिकला पाऊस बराच कमी आणि द्राक्षं काढतात कोरड्या दिवसांत. तुमचा कातळ असेल तर त्यावर हापूसच लावा.