कॅन्सरसाठी केमो (केमोथेरपी) चालू असताना इतका थकवा येतो, तरी व्यायाम करायचा का?

हो, पण बेताने. हा थकवा झोपून जात नाही. उलट पडून राहिलं की स्नायू झिजतात, मग जिन्याच्या चार पायऱ्याही जड होतात. डॉक्टरांची परवानगी घेऊन ५ ते १० मिनिटं सपाट जागी चालण्यापासून सुरुवात करा. वेग असा ठेवा की बोलता येईल, पण गाणं म्हणता येणार नाही. हळूहळू आठवड्यातून ३ वेळा ३० मिनिटांपर्यंत जा. फरक जाणवायला ८ ते १२ आठवडे लागतात.

ताकदीसाठी आठवड्यातून २ दिवस खुर्चीवरून उठबस करा. पाठ ताठ, पाय जमिनीवर पूर्ण टेकलेले, श्वास सोडत उठायचं, सावकाश बसायचं. सुरुवातीला ८ वेळा पुरे.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बऱ्या दिवशी. बरं वाटलं म्हणून तासभर चालायचं आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात! त्यापेक्षा रोज थोडं, आणि केमोनंतरच्या वाईट दिवसांत घरातल्या घरात दोन फेऱ्या.

तळपाय बधिर असतील तर बंद बूट घाला, भिंतीजवळ चाला. कॅन्सर हाडांत पसरला असेल तर वाकणं, कंबर पिळणं, वजन उचलणं फिजिओथेरपिस्टला विचारल्याशिवाय नको. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा जास्त असेल तर व्यायाम बंद, लगेच हॉस्पिटलला फोन. छातीत दुखलं, चक्कर आली, एका पायाला अचानक सूज आली तरी तसंच. प्लेटलेट्स किंवा हिमोग्लोबिन खूप कमी असेल तर त्या दिवसापुरतं डॉक्टर सांगतील तेवढंच.