पळसाचं चित्र काढताना कागद आणि टॅबलेट
फूल तोडलं की ओल्या फडक्यात गुंडाळा, फाल्गुनातल्या उन्हात लगेच मलूल होतं. डिव्हायडरनं मापं घेऊन आधी पेन्सिलीनं काढा. मोबाइल अगदी जवळ नेऊन घेतलेल्या फोटोवरून गिरवू नका, पुढची पाकळी फुगलेली दिसते. मीटरभर मागे सरकून झूम करा. केशरी रंग मात्र फुलावरूनच जुळवा. एक फूल उकलून पुंकेसर मोजा: १०, त्यांतले ९ जुळलेले, १ सुटा. बहुतेकांचं इथंच चुकतं.

स्कॅन ६०० डीपीआयवर (इंचामागे ६०० ठिपके), पण त्याआधी कागदावरच मोजपट्टी आखा. नंतर चित्र लहानमोठं केलं की प्रमाण हातचं जातं.

टॅबलेट खरा कामाला येतो पानांसाठी. बहरात झाड बहुधा निष्पर्ण, म्हणून पानांचं चित्र पावसाळ्यात काढून वेगळ्या लेअरवर (चित्राच्या स्वतंत्र थरावर) जोडा. पळसाला पानं तीनच खरी, पण मधलं मोठं, बाजूची दोन तिरकी.